त्या फोटोत मी हसतेय

मला सकाळपासून टॅग करणाऱ्यांनो, त्या फोटोत मी हसतेय ना, तेव्हा कसबा बावड्यात माझे वडील मरून पडले होते.

मला माहीत नव्हतं.

आमच्या विमान कंपनीच्या मालकांना, साहेबांना, माहीत होतं.

कोल्हापुरातून त्यांचं स्वस्त विमान पहिल्यांदा उडालं तो दिवस. लोक एसटीसारखे सीटवर रुमाल टाकून जागा धरत होते. मी एअरहोस्टेस, सगळ्यांना हसून उठवत होते.

आबा आजारी होते. निघताना म्हणाले, "जा की बिनघोर. मी हितनं बघतो तुझं इमान."

विमान सुटायच्या आधीच ते गेले. क्रूचे फोन बंद. भावानं कंपनीच्या मोबाइलवर फोन लावला, तो विमानाजवळ उभ्या साहेबांनी स्वतः उचलला.

जादा क्रू ठेवायचाच नाही, हा साहेबांचा नियम. त्यावरच तिकीट स्वस्त. मी उतरले असते तर उद्घाटनाचं विमान कॅन्सल.

साहेब भावाला म्हणाले, "ती निघाली. यायला वेळ लागेल. तुम्ही उरकून घ्या."

मी तेव्हा त्यांच्यासमोर विमानाच्या शिडीवर उभी होते.

फोन ठेवून मला म्हणाले, "स्माइल!"

परतीचं विमान लेट. घरी पोचले तर माणसं स्मशानातून परत येत होती.

भाऊ रडत म्हणाला, "आक्का, मी थांबलो असतो गं. सायबच म्हटलं की, उरकून घ्या."

मी नोकरी सोडली. त्यांनी फोटो सोडला नाही. विमानं वाढली, शहरं वाढली, प्रत्येक नव्या शहरात होर्डिंगवर माझे दात.

माझा राग गेला नाही. मी जाऊही दिला नाही.

आज कंपनीचा वर्धापनदिन. 'पहिली एअरहोस्टेस' म्हणून माझा सत्कार होता.

आई म्हणाली, "कशाला जातीस त्यांच्या दारात?"

गेले.

साहेबांनी शाल घातली. माईक दिला. "दोन शब्द बोल, बेटा."

बोलले. वर लिहिलंय ते सगळं, त्यांच्याकडं बघत.

मग म्हटलं, "आज आबांची पुण्यतिथी. सगळ्यांनी श्रद्धांजलीला उभं राहूया."

असं म्हटल्यावर आपल्याकडं कोण बसून राहतंय? अख्खा हॉल उठला. पुढारी, पायलट, केटरिंगवाले. साहेब केकची सुरी हातात धरून, मान खाली घालून उभे.

'बसा' मीच म्हणायचं होतं.

मी लवकर म्हटलं नाही.

आबा, तुमचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं. साहेबांचं मात्र आज पोटभर बघून घेतलं.

लेकीची भावपूर्ण श्रद्धांजली.