ब्रेकच्या दिव्यावरचा गणपती

देवपूरच्या ज्या गॅरेजात मी आमची जुनी सात-सीटर गाडी सारखी नेतो, तिथल्या मिस्त्रीचा मला भयंकर राग येतो. गाडी मीच घेतली, तीही रंग पाहून, त्यामुळे घरी राग काढायची सोय नाही. कुठलीही तक्रार सांगा, तो म्हशीच्या पाठीवर मारावी तशी बोनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, "काही नई भाऊ, बठ्ठं बराबर शे." त्याच्या मते सगळं नेहमी ठीकच असतं. खिडकीची काच वर येईना, तेव्हा म्हणाला, "मस्त वारा लागस ना भाऊ!"

परवा स्टिअरिंगसमोरचा ब्रेकचा लाल दिवा विझेना. दुसऱ्या दिवशी आईला आणि मुलांना घेऊन सावद्याला जायचं होतं. त्यानं त्या दिव्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं आणि हात जोडले. देव ओरबाडायची माझी छाती नव्हती. मुकाट्यानं किल्ली फिरवली. त्याचीही घरी जायची वेळ झाली होती आणि घर माझ्या वाटेवरच, म्हणून म्हटलं, "बसा, सोडतो."

"नको भाऊ, मी पायीच जास."

मी खाली उतरलो आणि अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असा ओरडलो, "मग माझ्या आईनं का बसायचं हिच्यात?"

मग त्यानं पहिल्यांदाच बोनेट उघडलं.