बाजाराने ठरवलेला हिरो

ती दुपार अजून माझ्या मनातून जात नाही. नोकरीत याहून भीषण गुन्हे पाहिले. त्यातले बरेचसे आता कागदपत्रं समोर आल्याशिवाय आठवणारही नाहीत. ही केस मात्र कागदाशिवाय आठवते.

तेव्हा मी हैदराबादला, सुलतान बाजाराचा भाग ज्या हद्दीत येई तिथे इन्स्पेक्टर होतो. लग्नसराईचे दिवस होते, कापडाच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी ठाण्यात फोन आला. "साब, पब्लिक ने चोर पकडा. जल्दी आओ."

आम्ही पोहोचलो तेव्हा चोर रस्त्यावर आडवा पडला होता. चाळिशी उलटलेला माणूस, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, शेजारी बायकांची एक जुनी हँडबॅग. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

तक्रार साधी होती. एका बाईच्या गळ्यातली सोन्याची साखळी ओढून कोणीतरी पळालं, तिने आरडाओरडा केला आणि लोकांनी पळणाऱ्याला धरलं. सगळ्यात आधी धरलं ते एका कापड दुकानातल्या सेल्समनने. वय तिशीच्या आसपास, उंचापुरा, तालमीत कमावलेलं शरीर. आमच्याच मराठी लोकांतला. त्याचे आजोबा मराठवाड्यातली शेती सोडून या शहरात आले होते. मी पंचनामा आटोपेपर्यंत बाजाराने त्याच्या गळ्यात हार घातले होते. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ माझ्या बायकोच्या फोनवरही आला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या बाजाराचा शेर.'

मृताच्या अंगावर साखळी सापडली नाही. साथीदाराकडे दिली असेल, असं लोक म्हणाले. असं होतंही. पण बॅगेत कंगवा, गुडघेदुखीच्या गोळ्या आणि पुडीत बांधलेल्या भाजक्या शेंगा होत्या. साखळी ओढणारा माणूस असली बॅग हातात घेऊन पळत नाही. मोकळ्या हाताने पळतो.

दुसऱ्या दिवशी बसथांब्याजवळचा एक चहावाला ठाण्यात आला. अधूनमधून तो मला खबर देई. दारातच म्हणाला, "साब, वो आदमी चोर नै था. उसकी बीवी कल से दवाखाने के बाहर बैठी है. तुम लोगां उससे कुछ पूछे क्या?"

कोणीच विचारलं नव्हतं. चोराची बायको म्हणून हवालदाराने तिला बाजूला बसवून ठेवलं होतं.

तिला फक्त तेलुगू येत होतं. माझं तेलुगू ठाण्यापुरतं, पण तिचं बोलणं कळायला तेवढं पुरलं. मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला दोघं गावाहून आले होते. गावाकडे जाणारी बस सुटताना दिसली. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून नवऱ्याने तिची बॅग घेतली आणि बस थांबवायला धावला. मागून ती ओरडत होती, "आपंडी! आपंडी!" म्हणजे थांबवा, थांबवा. तिला बस थांबवायची होती. साखळी त्याच गल्लीत नुकतीच ओढली गेली होती. लोकांनी बाईचं ओरडणं ऐकलं आणि बायकी बॅग घेऊन धावणारा पुरुष पाहिला.

ती रडत नव्हती. तिने एकच मागणं केलं. "तो चोर नव्हता, एवढं त्या बाजारात जाऊन सांगाल का?"

मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात सिकंदराबादला साखळी विकताना खरा चोर पकडला गेला. तक्रारदार बाईने साखळी ओळखली. चोर जुना होता, आमच्या नोंदीवरचा. हात न लावता सगळं बोलला. "मैं नुक्कड पे खडा था साब. सब मिलके उसकू मार रे थे. मैं बोलता तो वो बच जाता. नै बोला." त्या दिवशी कोठडीत त्याने जेवणाला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाला, "मेरे हिस्से की मार उसकू पडी."

आता हिरोला बोलवायचं होतं. तो आपल्या दुकानाच्या शेठबरोबर आला. नवा शर्ट, कपाळाला कुंकू. खुर्चीवर बसत म्हणाला, "साहेब, बक्षीस-बिक्षीस नक्को मला. आपलं काम केलं."

मी शेठला बाहेर थांबायला सांगितलं. शवविच्छेदनात डोक्याच्या मागच्या बाजूला एकच खोल जखम निघाली होती, लोखंडी वस्तूची. बाकीचा मार जीव घेणारा नव्हता. बाजारात फिरणाऱ्या एका व्हिडिओत, चेहरा पुसट असला तरी, याच्याच बांध्याच्या माणसाच्या हातात दुकानाचं शटर ओढायची सळई दिसत होती.

मी टेबलावर साखळी ठेवली आणि चोराला आत आणवलं.

"हा कोण?" मी विचारलं.

"मला काय माहीत, साहेब?"

"साखळी याने ओढली. तू ज्याला मारलंस तो बस पकडायला धावत होता. बॅग त्याच्या बायकोची होती."

तो हसला. मग चोराकडे पाहिलं. चोराने मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी अनेकांचे चेहरे उतरताना पाहिले आहेत, पण असा नाही. सेल्समनने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, "बस पकडायला?"

मग म्हणाला, "तो हात जोडत होता साहेब. त्या गोंगाटात काहीतरी सांगत होता. मला वाटलं माफी मागतोय. लिहून घ्या. सळई माझीच होती."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. ती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, स्वखुशीने द्यावी लागते, आणि त्याआधी आरोपीला विचार करायला वेळ मिळतो. कायदा योग्यच आहे. मी त्याला अटक केली, कबुलीजबाबासाठी अर्ज केला. त्याला न्यायालयीन कोठडी मिळाली. जाताना तो मला म्हणाला, "त्या बाईच्या पाया पडायचंय मला. एकदा भेटवा."

दुसऱ्या दिवशी शेठ बाजारातल्या चार प्रतिष्ठितांना घेऊन माझ्यासमोर बसला. आवाज चढवला नाही. "साहेब, पोरगं भोळं आहे. त्याने कबूल केलं तर तो एकटा खुनी होत नाही. त्या मारहाणीत अर्ध्या बाजाराने हात धुऊन घेतलेत. बाकीच्यांनी हार घातले. आम्ही कुठं तोंड दाखवायचं?"

"मग एवढं तरी करा," मी म्हटलं. "तो माणूस चोर नव्हता, हे बाजारात जाहीर सांगा. त्याची बायको तेवढंच मागते आहे."

"आता कशाला? गेलेला माणूस परत येणार आहे का?"

मी स्वतः गल्लीत उभं राहून सांगितलं. लोकांनी ऐकलं, माना हलवल्या आणि गिऱ्हाईकाकडे वळले. एक बाई मात्र मोठ्याने म्हणाली, "पोलीसवाले चोरांचीच बाजू घेणार."

तुरुंगात त्याला भेटायला बाजारातली माणसं रोज गेली. वकील दिला, घरी धान्य पोहोचवलं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला काही सांगायचं नाही."

पुढे खटल्यात साक्षीदार एकेक करून फितूर झाले. आम्ही मिळवलेल्या व्हिडिओत चेहरा स्पष्ट नव्हता. ज्यांच्याकडे स्पष्ट होता त्यांनी तो पुसून टाकला होता. मृताच्या बायकोला पिंजऱ्यातला आरोपी ओळखायला सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खूप माणसं होती." संशयाचा फायदा मिळून तो सुटला. कोर्टाबाहेर फटाके वाजले. ती पायऱ्यांच्या बाजूने निघून गेली. तिला कोणी ओळखलंही नाही. चोराला मात्र शिक्षा झाली. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला होता.

निवृत्तीनंतर एकदा बायकोबरोबर त्या बाजारात गेलो. तो सेल्समन आता त्याच दुकानात मॅनेजर होता, अंगाने सुटला होता. लोक त्याला पहिलवान म्हणत. बाजारात कोणी संशयित दिसला की पोलिसांच्या आधी त्याला फोन जातो, हे त्यानेच मला अभिमानाने सांगितलं. वाकून नमस्कार केला, चहा मागवला.

मला राहवलं नाही. विचारलं, "ती बाई कधी आठवते का रे?"

"कोणती, साहेब?"

"बस पकडायला धावला होता, त्याची बायको."

त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "साहेब, तो चोरच होता. तुम्हाला त्या वेळी चुकीची खबर मिळाली. आख्ख्या बाजाराने पाहिलं की."

खोटं बोलणारा माणूस मी ओळखतो, आयुष्यभर तेच केलं. पापणी, गळ्याची शीर, हाताची बोटं, कुठेतरी ते उमटतंच. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता.

चहा तसाच ठेवून मी उठलो. बायकोने वाटेत विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

गुन्हेगाराला बोलतं करता येतं, कारण आपण काय केलं हे त्याला आत कुठेतरी ठाऊक असतं. त्या एका ठाऊक असण्यावर आमचा सगळा तपास चालतो. या माणसालाही ते ठाऊक होतं. माझ्यासमोर, त्या खुर्चीत. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांनी ते त्याच्याकडून हळूहळू काढून घेतलं, आणि त्या चोरीची तक्रार कुठल्या ठाण्यात नोंदवायची हे मला अजून कळलेलं नाही.