फुलस्टॉप मॅडमचं मानपत्र

पाटील मॅडम इंग्रजीचा धडा वाचताना प्रत्येक पूर्णविरामाला थांबायच्या. पेन्सिलीने टेबलावर एक टकटक, मग वर्गाकडे एक नजर, आणि मगच पुढचं वाक्य. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, फुलस्टॉप मॅडम. मी नवीन शिक्षिका होते तेव्हा मागच्या बाकावर बसून त्यांचा तास बघायचे, आणि दर थांब्याला मला वाटायचं, पुढचं विसरल्या. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "वाक्य संपलं की थांबावं गं. आपण बोललो ते खरं होतं का, हे बघायला तेवढाच वेळ मिळतो."

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आलेली, अजून प्रोबेशनवर. त्या साताऱ्याकडच्या, लग्न होऊन फौजी नवऱ्याबरोबर दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आलेल्या. तिथल्या क्वार्टरमध्ये दोन मुलं सांभाळत त्यांनी पत्राद्वारे बी.ए. केलं. "मग इंग्रजीच का घेतलंत?" असं मी विचारलं होतं. "मला येत नव्हतं म्हणून. ज्याला आपोआप येतं ना, त्याला मूल नेमकं कुठे अडतं ते दिसत नाही."

वह्या त्या लाल पेनाने नाही, पेन्सिलीने तपासायच्या. "माझी चूक निघाली तर पोराला खोडता आली पाहिजे," म्हणायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी इंग्रजीच्या शिक्षकांसाठीचा एक सेवा-पुरस्कार जाहीर झाला आणि प्रिन्सिपलनी मॅडमचा अर्ज लिहायचं काम माझ्यावर टाकलं. "आपकी इंग्लिश अच्छी है. कुछ ठोस लिखिए." अर्जात 'दिसून आलेला परिणाम' असा एक रकाना होता. टकटक, पेन्सिल, पूर्णविराम, यातलं काय लिहिणार? प्रोबेशनचा रिपोर्ट त्याच महिन्यात व्हायचा होता. मी लिहून टाकलं, या बाईंच्या वर्गात इतक्या वर्षांत एकही मूल इंग्रजीत नापास झालेलं नाही. मॅडमनी घाईत, न वाचता सही केली.

पुरस्कार त्यांनाच मिळाला. आणि समारंभाच्या पत्रात लिहिलं होतं, अर्जातल्या मजकुरावरून केलेलं मानपत्र व्यासपीठावरून वाचून दाखवण्यात येईल.

तेव्हापासून मला जेवण जाईना. मॅडम मात्र खुशीत. समारंभाच्या दिवशी ठेवणीतली जांभळी साडी नेसून मेट्रो स्टेशनवर माझ्या आधी हजर. समारंभ मंडी हाउसला होता, तिथपर्यंत सरळ गाडी. प्रत्येक स्टेशनला मी ठरवत होते, आता सांगू. राजीव चौकला अर्धा डबा रिकामा झाला तेव्हा तोंडातून निघालं, "मॅडम, मानपत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलंय."

"कुठलं?"

मी सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "सरिता म्हणून होती. नववीत. बाप मानेसरला कारखान्यात. तीन मार्कांनी गेली. वाढवून द्या म्हणून सांगत होते सगळे, मी दिले नाहीत. आजही देणार नाही. पण घरी एक फोन करायला हवा होता मी. बापाशी बोलायला हवं होतं. त्याने तिला शाळेतून काढलं आणि गावी पाठवून दिलं."

"आता मी काय करू?"

"तू काही करायचं नाही. गप खाली बसायचं."

सभागृहात ते वाक्य वाचलं गेलं आणि नेमक्या त्याच वाक्याला टाळ्या पडल्या. मॅडम माइकजवळ गेल्या. त्यांच्या त्या सावकाश इंग्रजीत त्या म्हणाल्या, की मानपत्रात एक चूक आहे. माझ्या वर्गात मुलं नापास झाली आहेत. एक मुलगी तर त्यामुळे शाळेतून गेली. तिचं नाव सरिता. हे ऐकूनही पुरस्कार द्यायचा का, ते तुम्ही ठरवा.

प्रिन्सिपल मान वळवून माझ्याकडे बघत होते. अध्यक्ष शेजारच्या दोघांशी कुजबुजले. ते एक मिनिट मला अजून संपलेलं वाटत नाही. मग अध्यक्ष उठले, त्यांनी स्मृतिचिन्ह मॅडमच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मानपत्र दुरुस्त करून पाठवा."

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. मॅडम न बोलावता शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "सर, झूठ इसने लिखा. बिना पढ़े साइन मैंने किया. दोनों का नाम लिखिए." दोघींना लेखी ताकीद मिळाली. माझी नोकरी राहिली. नवं मानपत्र मी चारदा लिहिलं. चौथं त्यांना पटलं. त्यात नापास मुलांचा उल्लेख दुसऱ्याच ओळीत होता.

निवृत्त होऊन त्या साताऱ्याला गेल्या. दर वर्षी आमचा निकाल लागला की संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पास कोण झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही. "कोण राहिलं?" मी नावं सांगायची. "घरी बोललीस?" मी हो म्हणेपर्यंत फोन ठेवायच्या नाहीत.

गेल्या माघात त्या गेल्या. त्यांच्या मुलाने कळवलं.

मार्चमध्ये निकाल लागला. माझ्या नववीत एकच नाव राहिलं, रोहित. त्याच्या वडिलांचा नंबर मी दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. माणूस कसा असेल, पोराला मारेल का, शाळेतून काढेल का. तिसऱ्यांदा रिंग गेली. पलीकडे यंत्रांचा आवाज, आणि कुणीतरी ओरडून विचारलं, "हाँ, कौन?"

"जी, मैं रोहित की इंग्लिश टीचर बोल रही हूँ," मी म्हणाले. "फ़ोन रखिएगा मत."