गिरिजाबाईंच्या गळ्यातलं पदक

गिरिजाबाईंची आणि माझी पहिली ओळख माझ्या खोटेपणानं झाली. पस्तीस वर्षं झाली असतील. सांगलीच्या विश्रामबागेत आमची पुढची खोली रिकामी होती. दारात त्या उभ्या होत्या, उंच, काळ्याभोर, कुरळ्या आखूड केसांच्या. "खोली मिळंल का?"

मी म्हटलं, "कालच दिली बघा." दार सताड उघडं होतं, रिकामी खोली त्यांना दिसत होती. "बरं," म्हणून गेल्या.

साठीच्या गौरवग्रंथात असलं लिहायचं नसतं, असं माझी नात तेजू म्हणते. पण मी तिसरी शिकलेली बाई. घडलं तेच मला लिहिता येतं. या पुस्तकात मला लिहायला सांगितलं याचा आनंद मात्र लय झालाय.

गिरिजाबाई कारवारकडच्या जंगलातल्या सिद्दी. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणलेलं. पळण्याच्या जोरावर त्यांना सांगलीत नोकरी लागली. नोकरी सांभाळून त्यांनी रोज सकाळी पोरींना फुकट पळायला शिकवलं, अजून शिकवतात. बऱ्याच वर्षांनी मी तेजूला घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला लगेच ओळखलं. "काय आज्जी, भाडेकरी चांगला निघाला का?" माझी मान खाली. तर हसून म्हणाल्या, "चहा घ्या आधी."

तेजू सावळी. एकदा रडत आली, पोरी डांबर म्हणतात म्हणून. गिरिजाबाई म्हणाल्या, "डांबरावरनंच गाड्या पळत्यात. चल, आणखी चार फेऱ्या."

त्यांनी परदेशात जिंकलेलं एक पदक मात्र त्या कुणाला दाखवत नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. त्या देशाचं नाव मला नीट म्हणता येत नाही. तिथं लष्कराचं राज्य होतं, काळ्या माणसाला गोऱ्यांच्या पंगतीत जागा नव्हती. वीस वर्षांच्या गिरिजाबाईंना जेवायला वेगळं बसवलं. पळताना लोक माकडासारखे ओरडत होते. तरी त्या चारशे मीटर जिंकल्या, दुसऱ्या दिवशी आठशे. आठशेचं पदक घालायला आलेला लष्करी साहेब पदक टेबलावर टाकून निघून गेला. तेव्हा दुसरी आलेली गोरी मुलगी, त्याच देशाची, विजेत्यांच्या पायरीवरून उतरली. तिनं पदक उचललं आणि यांच्या गळ्यात घातलं. शिपायांनी तिला तिथूनच दंडाला धरून नेलं.

गिरिजाबाईंनी तिला पत्रं धाडली. सगळी परत आली. चाळीस वर्षांत तिचं काय झालं ते कळलेलं नाही. "जिंकले मी, भोगलं तिनं," एवढंच त्या म्हणतात.

त्या पोरीपुढं बंदुका होत्या. माझ्यापुढं नुसत्या शेजारणी होत्या, तरी मला एक खोली देववली नाही.

परवा म्हटलं, "गिरिजाबाई, साठी झाली. साठ दिव्यांनी ओवाळणार हाय तुमाला."

"दोन ताटं करा. ती पण माझ्याच वयाची."

"आवं, पण..." मी म्हटलं, "ओवाळत्यात ते जित्या माणसाला."

"व्हय की," गिरिजाबाई म्हणाल्या. "म्हणूनच म्हणते, ओवाळा."

मी एकशेवीस वाती वळून ठेवल्या आहेत. गिरिजाबाईंना उदंड आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत. आणि त्या दुसऱ्या बाई जिथं असतील तिथं त्यांनाही तेवढंच आयुष्य मिळो.