हुसेनबीचा बुटका कोबी

शुक्रवार पेठेत आमची आणि हुसेनबीची भिंत एकच आहे. तिच्या फोडणीचा ठसका मला लागतो आणि माझ्या पूजेची घंटा तिला ऐकू जाते. तीस वर्षं आम्ही एकमेकींवर ओरडत आलोय. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण यंदाच्या थंडीत तिनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते न लिहिणं हा खोटेपणा होईल.

तिचा नवरा इमामसाब. सात रस्त्याच्या चौकात त्यांची भाजीची हातगाडी आहे. माणूस देवमाणूस, पण हट्टी. त्यांचा एक नियम आहे: जी भाजी स्वतःच्या घरात ताट पुसून खाल्ली जात नाही, ती गाडीवर ठेवायची नाही. शेजारचे गाडीवाले ब्रोकोली विकून मोकळे झाले तरी ह्यांच्या गाडीवर ती आली नाही, कारण थोरल्या लेकाला, बिलालला ती आवडली नाही. गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतं तेही त्यामुळेच. कुठली भाजी कशी करायची हे तिथे फुकट सांगितलं जातं.

धाकटा अतीक. चिंचवडच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो नातेपुत्याला गेला आणि सयाजी नावाच्या मित्राच्या रानात भाजी पिकवायला लागला. “शिकवलं ते मातीत घातलंस,” एवढं बोलून इमामसाबनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आठ महिने. बापाचा निरोप लेकाला आणि लेकाचा बापाला हुसेनबीनंच पोचवायचा. वरून हसायची, पण ती आतून झिजत होती. मला भिंतीपलीकडून कळायचं.

डिसेंबरात अतीकनं एका ओळखीच्या टेम्पोतून एक क्रेट धाडला. त्यात लिंबाएवढे हिरवे गड्डे. ब्रसेल्स स्प्राउट म्हणे.

“गौराक्का, ह्यो कोबी हाय का कोबीचं पिल्लू?” हुसेनबीनं भिंतीवरून एक गड्डा माझ्या हातात ठेवला. घरात त्यांची दखनी उर्दू चालते, माझ्यासमोर मात्र सगळे मराठीच बोलतात.

तिकडे पुण्याची हॉटेलं माल उचलत होती, अतीकचं काही अडलं नव्हतं. त्याला फक्त एक हवं होतं. अब्बांच्या गाडीवर आपल्या मालाची एक टोपली. ती टोपली गाडीवर चढली तर बापलेक बोलतील, हे हुसेनबीनं ओळखलं. टोपली चढायची तर आधी घरानं ताट पुसायला हवं. जुम्म्याच्या नमाजानंतर सगळं घर एकत्र जेवतं. परीक्षेचा दिवस तोच ठरला.

पहिल्या शुक्रवारी तिनं कोबी समजून डाळ घातली आणि कुकरच्या चार शिट्ट्या काढल्या. आईगं! असा वास सुटला की मी उदबत्ती लावली, आणि पलीकडच्या वीरभद्रप्पांनी गटार तुंबलं का बघायला माणूस बोलावला. बिलालनं दोन घासांत ताट सरकवलं. इमामसाबनी उरलेली भाकरी नुसत्या मिठाशी खाल्ली.

दुसऱ्या शुक्रवारी भरल्या वांग्यासारखं करायचं ठरलं. शेंगदाण्याचा कूट, तीळ, काळा मसाला, सगळं यथासांग. पण भाजी निवडायची म्हणजे आधी देठ उडवायचा, ही आम्हा बायकांच्या हाताची सवय. मी पण मदतीला बसले होते, मीही उडवले. ह्या कोबीचं सगळं बिऱ्हाड त्या देठावरच उभं असतं हे कुणाला ठाऊक! कढईत पान न् पान सुटं झालं आणि मसाल्यात नुसता पाचोळा तरंगायला लागला. सून मेहनाज हसून हसून बेजार. हुसेनबीही हसली, मग पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तिसऱ्या शुक्रवारी खिमा. मी लिंगायत, खिम्याच्या दिवशी त्यांच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसते. तिनं कोबी बारीक चिरून खिम्यात असा मुरवला होता की नावालाही दिसेना. सगळ्यांनी ताटं पुसली. इमामसाबनी तर भाकरीच्या तुकड्यानं पातेल्याचं बूडही पुसलं. “आज खिमा लई झ्याक झालाय,” ते म्हणाले. मी बाहेर खुर्चीत सरसावून बसले. जिंकलो!

तर ही बाई म्हणते, “त्यात अतीकचा कोबी हाय. पर ह्येला खाल्लं म्हनत न्हाईत. तुमी खिमा खाल्लासा.”

जेवणं झाल्यावर मी तिला झाडलं. “हातातोंडाशी आलेला घास घालवलास! तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“गिऱ्हाईक घरला जाऊन खिम्यात लपवून खाईल व्हय?” ती म्हणाली. “तुमी तरी घ्याल का, गौराक्का? खोटं बोलून गाडीवर चढवला तर तो माल अतीकचा ऱ्हानार न्हाय, माझ्या मसाल्याचा हुईल.”

मला तिचा राग आला होता आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. आठ महिने ज्या क्षणासाठी जीव टाकला, तो समोर आल्यावर खरं सांगून घालवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

त्या संध्याकाळी तिनं अतीकला फोन लावला आणि विचारलं, तू तिकडे हे कसं खातोस? तो हसत सुटला. सयाजीची आई मथुराबाई रोज करते म्हणाला. भाकऱ्या झाल्या की त्याच तापलेल्या तव्यावर जरासं तेल सोडायचं. गड्डे देठासकट उभे अर्धे करायचे, कापलेली बाजू तव्याला लावायची आणि हात बांधून बसायचं. झाकण नाही, पाणी नाही, ढवळणं नाही. तोंड काळं पडलं की लसूण, मीठ, तिखट. बस्स.

“पिकवनाऱ्याला इचारायचं सुचलंच न्हाय बघा मला,” फोन ठेवून ती म्हणाली, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

चौथ्या शुक्रवारी सगळंच बिनमांसाचं होतं, म्हणून मीही पंगतीला बसले. कोबीबरोबर कडक भाकरी. हुसेनबीनं वरून आपली घरची शेंगाचटणी भुरभुरली. तेवढी तिची सही हवीच.

इमामसाबनी एक फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. बिलालचा हात थांबला, मेहनाजचा थांबला.

“कडू हाय,” ते म्हणाले.

हुसेनबीनं मान खाली घातली.

“मेथीबी कडू असती,” असं म्हणून त्यांनी ताट पुढं केलं. “आनखी वाढ.”

दोनदा मागून घेतलं. तव्याला चिकटलेली करपकी पानं खरवडून मागितली. बिलालनंही ताट पुसलं. मग हात धुऊन, पंच्याला हात पुसत, भिंतीकडे बघत इमामसाब म्हणाले, “त्याला सांग, उद्याच्याला पाच किलो धाड म्हनावं.”

मी मनात टाळी वाजवली. झालं एकदाचं!

“मी न्हाय सांगत,” हुसेनबी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. तीस वर्षांत तिनं नवऱ्याला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं नंबर लावला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. “आठ महिनं लई निरोप वाहिलं म्या. आता तुमी बोला.”

फोनमध्ये रिंग वाजत होती. इमामसाबनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे. तिनं हात मागे घेतला नाही. पलीकडून “हां अम्मी” ऐकू आलं तेव्हा त्यांनी फोन घेतला. पाच किलोचं म्हातारा साफ विसरला. दोनदा खाकरला आणि म्हणाला, “खाना खाया क्या रे, बेटा?”

हुसेनबी तिथेच, रिकाम्या तव्याशेजारी खाली बसली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत मोठ्यानं रडली.