भोंग्याचा आवाज

फळबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. पंचविशीतला, काडीपैलवान, पण लिलाव पुकारायला उभा राहिला की पार त्या टोकाचा हमालही मान वर करी. आईवडील गेल्यावर थोरल्या बहिणीनं, ताईनं, कपडे शिवून त्याला वाढवलं होतं. "हळू बोल रे, भिंतींना कान असतात," ती म्हणायची. "मग त्यांनाही कळू दे संत्र्यांचा भाव!" तो ओरडायचा.

त्या सकाळी बोली ऐन रंगात असताना तो अडखळला. दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाला, "आत काहीतरी फुटलं." नेहमीचा मस्करीखोर; लोक हसले. तो पेटीवर बसला आणि एका कुशीवर कलंडला, तेव्हा कुठे सगळ्यांचे चेहरे उतरले.

ताई गळ्यातल्या टेपसकट दवाखान्यात धावली.

"मेंदूत रक्तस्राव झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"या वयात? त्याला ना बीपी, ना व्यसन. कुठं पडला-झडलाही नाही."

"तिथल्या रक्तवाहिन्यांचा गुंता जन्मापासूनच होता. तरुणांमध्ये क्वचित होतं असं. आधी कुणाला कळलं नसतं."

कुणाची तरी चूक असती तर बरं झालं असतं, ताईला वाटलं. निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

ऑपरेशननं जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं, तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, "चल." पाणी हवं, चल. दुखतंय, चल. ताई चेहऱ्यावरून अर्थ लावायची. चुकली की तो डाव्या हातानं उशी बडवायचा, मग दोघंही रडायची.

बाजारातली माणसं आधी रोज यायची, मग येईनाशी झाली. त्यांचा तरी काय दोष? ज्याच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे, त्याच्यासमोर गप्प बसणं जिवावर यायचं.

एकदा त्यानं बाजाराच्या दिशेनं बोट करून हट्टच धरला. ताईनं नेलं. त्याच्या जागी दुसराच पुकारत होता, आणि बरा पुकारत होता. भोंग्याचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताठल्या. आवाज काही फुटेना. जुना अडत्या पुढे आला आणि त्यानं एक संत्रं सोलून भोंग्याच्या हातावर ठेवलं. ते त्यानं खाल्लं नाही. घरापर्यंत मुठीत आवळून धरलं; रस मनगटावरून गळत राहिला.

आता तो ताईच्या मशीनशेजारी बसतो. कधी बटणं निवडून देतो, कधी देत नाही. नवी गिऱ्हाइकं विचारतात, "भाऊ जन्मापासून मुका का?" पहिल्यांदा ताई सांगायला गेली होती, पण वाक्य अर्धंच राहिलं. हल्ली ती नुसतं "हं" म्हणते आणि माप घ्यायला लागते. भोंगा तेवढ्यापुरती मान खाली घालतो.