प्रागमध्ये बुटांपाशी कोण थांबणार?

...त्या सकाळी मी व्हिनेगरच्या पाण्यात फडकं बुडवून बुटांवरचे मिठाचे डाग पुसत होते. टोरोंटोत, आमच्या नॉर्थ यॉर्कमध्ये, मार्च संपत आला की हे काम असतंच. बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांवर पांढरं होऊन बसतं. माझे पुसले, मग सवयीने ह्यांचेही घेतले. माझे यजमान जाऊन तीन हिवाळे झाले होते. त्यांच्या बुटांवर डाग कुठून येणार? कोरडेच बूट मी तीन वर्षं पुसत होते.

फडकं ठेवलं आणि तास-दीड तासावरच्या वॉटर्लूला मुलाला, निखिलला, फोन लावला. "मी ईस्टरला प्रागला जातेय. एकटी."

"आई, बी प्रॅक्टिकल. तिथे इंग्लिशपण धड कोणी बोलत नाही."

"मग बरंच आहे. माझं तरी कुठे धड आहे?"

माझं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी शिकले ते इथल्या लायब्ररीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. तिथेच प्रागवरचं एक जाड पुस्तक सापडलं. संध्याकाळी मी ह्यांना त्यातलं वाचून दाखवायचे. "रिटायर झालो की जाऊ," हे म्हणायचे. रिटायर होण्याआधीच गेले.

निखिलने शेवटी मानलं, पण अट घालून. "एक जरी प्रॉब्लेम झाला तर मला फोन करायचा. मी येऊन घेऊन जाईन. मग परत सोलो ट्रिपचं नाव काढायचं नाही." मी हो म्हटलं.

फ्रँकफर्टला विमान बदलून दुपारी पोचले. जाणाऱ्यांसाठी सांगते: चाकांची बॅग दगडी रस्त्यांवर ओढू नका, हात निखळतात. ट्रामचा दिवसभराचा पास शंभर कोरुना, म्हणजे आपले सहाएक डॉलर. पहिल्यांदा चढताना तो पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे जवळजवळ सगळीकडे मिळतात. मी वर दाण्याची चटणी पेरली. वेटरने वाकून वास घेतला आणि चिमूटभर मागूनही घेतली.

पहिल्या दिवशी जुन्या चौकातला ईस्टरचा बाजार पाहिला. रंगवलेली अंडी, विणलेल्या वेताच्या छड्या, आणि तासाला टोले पडले की घड्याळाकडे माना वर करणारी गर्दी. पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर वाजत होतं. मी मोठ्याने हसले. कोणी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून पलीकडच्या चढावर एक लहानसं चर्च दिसलं. दारात बूट काढले, नीट जोडून ठेवले, "बघा हं," म्हटलं आणि आत गेले.

प्रत्येक देवळात आमची वाटणी ठरलेली होती. मी आत, हे बाहेर. "देव तुझा, चपला माझ्या," असं म्हणायचे. त्या दिवशी कोणाला "बघा हं" म्हटलं, ते आत बाकावर बसल्यावर कळलं. धावत बाहेर आले. बूट नव्हते.

मोज्यांतून दगडाचा गारठा चढत होता. कोपऱ्यावर फोनबूथ होता, पर्समध्ये निखिलने दिलेलं कॉलिंग कार्ड. मी बूथकडे चार पावलं गेलेही. मग वाटलं, एवढ्यासाठी? मागे फिरले.

चर्चमध्ये माझ्याच वयाची एक बाई फरशी पुसत होती. मी पायांकडे बोट दाखवलं. तिने कमरेवर हात ठेवून तिच्या भाषेत मला चांगलंच फैलावर घेतलं, मग अंगठा तोंडाशी नेऊन झोकांड्या खाऊन दाखवल्या. कुणा दारुड्याने टाकलेत असं समजून तिने बूट आत नेऊन ठेवले होते! मी देवासमोर हात जोडले, बुटांची खूण केली, मग दाराबाहेर बोट दाखवलं. ती आत गेली. आतून माझे बूट घेऊन आली, दारापाशी स्टुलावर बसली, बूट मांडीवर घेतले आणि मला हाताने खुणावलं: जा, मी आहे.

मी परत आत गेले. बराच वेळ बसले, रडले, मग डोळे पुसून छतावरची चित्रं पुस्तकात वाचली होती तशी एकेक पाहिली. कसली घाई नव्हती. बुटांपाशी कोणीतरी होतं.

उरलेले दोन दिवस मी किल्ला चढले, दोनदा रस्ता चुकले आणि दोन्ही वेळा माझी मीच हॉटेलवर पोचले.

टोरोंटो विमानतळावर निखिलला सगळं सांगितलं.

"म्हणजे तू अनवाणी होतीस? अँड यू डिडन्ट कॉल मी?"

"मोजे होते की. आणि तू येईपर्यंत ते झिजले असते."

तो हसत सुटला. गाडीत बॅग टाकताना म्हणाला, "मग नेक्स्ट कुठे?"

"लिस्बन," मी म्हटलं.

घरी आले तर दारापाशी ह्यांचे बूट होते तसेच होते, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी मी ते पिशवीत घालून जुन्या कपड्यांच्या दानपेटीत ठेवून आले.